तंजावर : सहकुटुंब जायचंय. काय बघू, काय खाऊ, काय घेऊ?

कैरीचं_पन्हं

जानेवारीच्या मध्यावर तंजावरला जायचं घाटतंय. सोबत सासूबाई (गुडघे दुखतात, पण देऊळ दिसलं की सगळ्यांच्या पुढे), सासरे (इतिहासाचे वेडे, आणि दुपारची झोप म्हणजे झोप), नवरा, नववीतला मुलगा आणि दुसरीतली मुलगी. मुलीला तिखट अजिबात चालत नाही. मुलाला काहीच चालत नाही, पण ते वयाचं आहे.

पुण्याहून तिरुचीपर्यंत विमानाने, तिथून पुढे गाडीने असा विचार आहे. मुक्काम तंजावरलाच करावा की कुंभकोणमला? मोठं देऊळ सोडून आणखी काय बघण्यासारखं आहे? खरेदीत तंजावर चित्र घ्यायचंच आहे, पण फसायचं नाही. मागे इथे कुणीतरी छान धागा काढला होता, शोधून सापडला नाही. जाणकारांनी मदत करा.

भटका_जीव

मुक्काम तंजावरला. तिरुची ते तंजावर साधारण ५५ किमी, रस्ता चांगला. कुंभकोणम तंजावरहून ४० किमीवर आहे, सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं. सामान घेऊन हॉटेलं बदलत बसू नका, विशेषतः सासरेबुवांची झोप सांभाळायची असेल तर.

चहाबाज

+१ तंजावर मुक्कामाला. आणि चहा विसरा. तिकडे जाऊन चहा मागणारा माणूस मी पाहिलाय, तो मीच होतो.

रेवा_तिरुचीकर

नोकरीमुळे बरीच वर्षं तिरुचीला आहे, घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला तंजावर दाखवणं हे माझं अलिखित कर्तव्य. त्यामुळे जरा लांबलचक लिहिते.

सगळ्यात आधी दिवसाची घडी समजून घ्या. मोठं देऊळ (बृहदीश्वर, तिथले लोक 'पेरिय कोविल' म्हणतात) दुपारी साडेबारा ते चार बंद असतं. म्हणून देऊळ एकदा सकाळी लवकर आणि एकदा संध्याकाळी, दोनदा बघायचं. प्रवेशाला पैसे लागत नाहीत, तेव्हा परत जायला काही वाटत नाही. सकाळी गर्दी कमी, फरशी थंड, पोटऱ्यांना त्रास नाही. दहानंतर तोच दगड असा तापतो की सासूबाई काय, नववीतला मुलगाही उड्या मारत चालेल. पायात मोजे घालून ठेवा, कुणी काही म्हणत नाही. संध्याकाळी मात्र मुद्दाम सूर्य मावळायच्या आधी तासभर पोचा. विमानाचा दगड (म्हणजे शिखराचा, दक्षिणेत गाभाऱ्यावरच्या शिखराला विमान म्हणतात) पिवळा, मग केशरी होत जातो आणि गावातली कुटुंबं हिरवळीवर येऊन बसतात. तिथे नुसतं बसायचं. त्यासाठी वेळ ठेवा.

बघताना शिखराकडेच बघत राहू नका, मान दुखते. जोत्याच्या भिंती बघा. इंचभरही जागा न सोडता तमिळ शिलालेख कोरलेत. राजराज चोळाने १०१० मध्ये देऊळ पूर्ण केलं आणि देवळाचा सगळा जमाखर्च दगडावर लिहून ठेवला. कुणी कोणता दागिना दिला, किती वजनाचा, दिव्याच्या तुपासाठी कुणाकडे किती जनावरं सोपवली. देवळात सेवेला आणलेल्या ४०० नर्तकींची नावं, त्या कोणत्या गावच्या देवळातून आल्या आणि त्यांना कोणत्या रस्त्यावरचं कितवं घर दिलं, हेसुद्धा आहे. तमिळ वाचता येत नसलं तरी चालेल. गाईड घेतलात तर 'शिलालेखातलं काय काय माहीत आहे' हे आधी विचारा. त्याने लगेच 'शिखराची सावली जमिनीवर पडत नाही' सुरू केलं तर दुसरा गाईड बघा. सावली पडते. दुपार उलटली की डोळ्यांनी दिसते.

राजवाडा आणि त्यातलं कलादालन मधल्या वेळात, कारण ते दुपारी उघडं असतं आणि सावलीत आहे.

मोडीप्रेमी

रेवाताईंनी देवळाचं छान लिहिलं आहे. मी फक्त आपल्या माणसांसाठी भर घालतो.

देवळाचं अगदी पहिलं प्रवेशद्वार मराठा काळातलं आहे. त्याच्या आतली दोन गोपुरं राजराजाच्या वेळची, केरळांतक आणि राजराजन. आत गेल्यावर आवाराच्या कडेने जी लांब ओवरी आहे तिच्या नैर्ऋत्य बाजूच्या भिंतीकडे जा. तिथे १८०३ साली सरफोजी राजांनी (दुसरे) भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला आहे. देवनागरीत. चारी बाजूंना तमिळ अक्षरं आणि मध्येच भिंतभर मराठी! तुमच्या नववीतल्याला दहा ओळी वाचायला लावा. जुनी भाषा आहे, अडखळेल, पण लागते.

सासऱ्यांसाठी सरस्वती महाल ग्रंथालय. राजवाड्याच्या आवारातच आहे. ताडपत्रं, संस्कृत-तमिळ-तेलुगू-मराठी हस्तलिखितं आणि मोडीतले ढिगाने कागद. सामान्य पाहुण्याला आतलं ग्रंथालय नाही, बाजूचं छोटं संग्रहालय बघायला मिळतं. बुधवारी बंद असतं, तेवढं धरून आखणी करा. ग्रंथालयाची स्वतःची प्रकाशनं विकायला असतात, त्यात मराठी पुस्तकंही आहेत. स्वस्त असतात. माझ्या मते तंजावरमधली सगळ्यात चांगली खरेदी हीच.

शंतनू_पेठ

व्वा! म्हणजे आपल्या मराठ्यांचं शहर आहे हे. शाळेत हे काहीच शिकवलं नाही.

मोडीप्रेमी

@शंतनू_पेठ, जरा दमानं. देऊळ चोळांचं, नंदीचा मंडप आणि राजवाड्याचा मूळ भाग नायक घराण्याच्या राजांचा, आपण त्यानंतरचे. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी (एकोजी) १६७६ च्या सुमारास गादीवर बसले आणि १८५५ मध्ये कंपनीने राज्य खालसा केलं. एवढ्या काळात आपल्या लोकांनी तिथलं पाडलं नाही, त्यात घातलं. तेलुगू, तमिळ, संस्कृत, मराठी सगळ्यांत नाटकं आणि पदं लिहून घेतली. 'आपलं शहर' म्हणत फिरलं की निम्मं शहर दिसत नाही, असं माझं मत. रागावू नका.

शंतनू_पेठ

रागावलो नाही. पण सांबार तरी आपलं ना? संभाजी महाराजांच्या नावावरून? 😄

आमसूल

आला सांबाराचा विषय! या संस्थळावर तंजावर म्हटलं की पाचव्या प्रतिसादात सांबार येतोच.

गोष्ट गोड आहे: तंजावरच्या शहाजी राजांच्या (व्यंकोजींचे चिरंजीव) मुदपाकखान्यात आमटीला कोकम संपलं, चिंच घातली, पाहुणे होते संभाजी महाराज. पण त्याला समकालीन कागद कुणी दाखवलेला नाही. तंजावरचे शहाजी गादीवर आले १६८४ ला, १६८९ मध्ये संभाजी महाराज गेले, आणि ती मधली वर्षं त्यांची मोगलांशी लढण्यात गेली. जेवायला एवढ्या लांब कधी गेले असतील? तुरीची डाळ आणि चिंच एकत्र यायला कुणा पाहुण्याची गरज लागत नाही. सांबार खा, वर वाढून घ्या, वाद इथे घाला.

रेवा_तिरुचीकर

आमसूल 😂

खाण्याकडे येते. कैरीताई, सगळ्यात महत्त्वाचं: तिकडे 'मील्स' म्हणजे केळीच्या पानावरचं भाताचं जेवण दुपारीच, साधारण बारा ते तीन. रात्री बहुतेक साध्या हॉटेलांत फक्त टिफिन मिळतो, म्हणजे इडली, डोसा, उत्तप्पा, इडियाप्पम. आपले लोक रात्री आठला 'राइस प्लेट' शोधत फिरतात आणि चिडतात. दुपारी पोटभर, रात्री हलकं, हे एकदा मान्य केलं की सगळं सोपं.

पानावर वाढण्याचा क्रम असतो. आधी सांबार-भात, मग वत्तकुळंबु (चिंचेची दाट आमटी) असेल तर तो, मग रसम, शेवटी ताक किंवा दही. मुलगी थेट शेवटच्या पायरीवर जाऊ शकते, कुणी हसणार नाही. दहीभात आणि तळलेले पापड यावर तमिळनाडूतली अर्धी लहान मुलं वाढलेली आहेत. भाताचा ढीग पहिल्यांदाच 'पोदुम्' (पुरे) म्हणून थांबवा, नाहीतर रसमला जागा उरत नाही. आणि रसमसाठीच सगळा खटाटोप आहे.

सकाळी इडलीबरोबर 'कडप्पा' मिळाला तर सोडू नका. मुगाची डाळ, बटाटा, खोबरं, थोडी बडीशेप असा पातळ रस्सा. तंजावर-कुंभकोणमकडचीच चीज आहे ही, तिरुचीतही सहजी दिसत नाही. सगळीकडे रोज नसतो, विचारावं लागतं. तिखट नसतो, मुलीलाही चालेल.

गोडात अशोका हलवा. मुगाच्या डाळीचा, तुपात न्हालेला, तिरुवैयारुचा प्रसिद्ध. तिरुवैयारु तंजावरहून बारा-तेरा किमी. कावेरीकाठी त्यागराजांची (कर्नाटक संगीतातले संत-रचनाकार) समाधी आहे. पौष वद्य पंचमीला तिथे आराधना असते, शेकडो गवई एकत्र बसून त्यांच्या पंचरत्न कृती (पाच रचना) गातात. तुमच्या तारखा जुळतात का बघा. जुळत असतील तर हॉटेल आत्ताच घ्या, नंतर मिळणार नाही.

चहाबाज

कॉफीबद्दल कुणीच लिहिलं नाही??

हायवेवर दर थोड्या अंतरावर 'कुंभकोणम डिग्री कॉफी' अशी पाटी आणि पितळी डबरा-टंबलर (कॉफीची वाटी आणि पेला) दिसतील. त्यातल्या बऱ्याच ठिकाणी पितळ खरं आणि कॉफी यथातथाच. पाटीपेक्षा गर्दी बघा. सकाळी सहा-साडेसहाला धोतरातले आजोबा पेपर घेऊन उभे असतील ते दुकान. साखर कमी हवी तर आधी सांगायचं, नंतर सांगून उपयोग नाही.

कॉफीपूड घरी न्यायची असेल तर दळून देणाऱ्या दुकानातून घ्या. चिकोरी किती घालू असं तो विचारतो. ८०-२० सांगा, म्हणजे वीस टक्के चिकोरी. घरी फिल्टर नसेल तर तोही तिथेच घ्या, स्टीलचा चांगला. पितळी फिल्टर दिसतो देखणा, पण आतून कल्हई करत बसावी लागते.

पैठणीवाली

आता माझा प्रांत. 😊

चित्राबद्दल. तंजावर चित्र म्हणजे लाकडी फळीवर कापड चिकटवून, त्यावर खडूची पूड आणि डिंक यांच्या लेपाने उठाव करून, त्या उठावावर सोन्याचा वर्ख आणि खडे, आणि शेवटी रंग. दर ठरतो तो आकार, वर्ख आणि हाताचं काम यांवर. दुकानात तीन गोष्टी विचारा. वर्ख खरा आहे का (२२ कॅरेटचा म्हणतील) आणि ते बिलावर लिहून देणार का. खोटा वर्ख काही वर्षांत काळवंडतो, खरा नाही. दुसरं, चेहरा जवळून बघा. उठावाचं काम हाताखालची मुलंही करतात, पण डोळे आणि ओठ कसलेला हातच काढतो. स्वस्त चित्रात बाळकृष्णाचे डोळे दोन दिशांना बघत असतात. तिसरं, फ्रेम. पाठीमागून फळी बघा, ओल धरलेली नको.

पण दुकानात शिरण्याआधी राजवाड्यातलं कलादालन आणि देवळातल्या ओवरीतली जुनी भित्तिचित्रं बघून या. डोळा तयार होतो. आधी दुकान आणि मग दालन असं केलं की आपण घेतलेलं चित्र हॉटेलवर आल्यावर आवडेनासं होतं. हे मी पाहुण्यांच्या बाबतीत अनेकदा पाहिलंय.

रिक्षावाला किंवा गाईड आग्रहाने 'कारखान्यात' नेत असेल तर कमिशन दरात धरलेलं असतं, एवढं लक्षात ठेवून जा. दर ठरवताना अंदाज हवा असेल तर आधी तमिळनाडू सरकारच्या 'पूंपुहार' या हस्तकलेच्या दुकानात डोकवा. तिथे भाव ठरलेले असतात, घासाघीस नाही. बाहेर त्याच मापाच्या वस्तूला कितीपर्यंत जायचं ते कळतं.

लहानासाठी तलयाट्टी बोम्मै, म्हणजे मान डोलावणारी बाहुली. डोकं, धड, घागरा सुटे सुटे, एकमेकांवर तोललेले. वारा आला तरी नाचते. दुसऱ्या प्रकारची, बुड जड असलेली राजा-राणीची जोडी, कितीही ढकलली तरी उभी राहते. दुसरीतल्या मुलीला ही जास्त आवडेल आणि फुटणारही नाही लवकर.

तंजावर ताट (तांब्या-पितळेवर चांदीचा उठाव) सुंदर असतं पण भिंतीवर टांगायला. त्यात जेवायचं नसतं, हे सासूबाईंना आधी सांगून ठेवा.

कैरीचं_पन्हं

बाप रे, किती माहिती! सगळ्यांना मनापासून धन्यवाद. पैठणीवाली, साडीचं राहिलं की! नाव काय तुमचं, लिहिलंत काय!

आणि मूर्तीचं काय? सासऱ्यांना नटराज हवा आहे. मुलासाठी काय आहे तिकडे? तो 'देवळं आणि देवळं' म्हणून आत्ताच कुरकुरतोय.

पैठणीवाली

साडी कुंभकोणमच्या दिवशी. तिरुभुवनम् कुंभकोणमपासून आठेक किमी, रेशमी साड्यांचं गाव, विणकरांची सहकारी संस्था आहे. कांचीपुरमपेक्षा अंगावर हलकी वाटते. सिल्क मार्कची पट्टी बघून घ्या. तंजावरमध्येच घ्यायची असेल तर को-ऑप्टेक्स, तेही सरकारी, ठरलेल्या भावाचं.

मोडीप्रेमी

नटराजासाठी स्वामिमलै, तेही कुंभकोणमजवळच. पिढीजात स्थपती अजून मेणाच्या पद्धतीने पंचधातूच्या मूर्ती ओततात. आधी मेणाची मूर्ती, तिच्यावर कावेरीच्या गाळाचा लेप, भाजलं की मेण वाहून जातं आणि पोकळीत धातू. साचा फोडूनच मूर्ती बाहेर काढतात, म्हणून तशीच दुसरी होत नाही. काही कार्यशाळांत काम बघू देतात. तुमच्या चिरंजीवांना तिथे सोडा, कुरकुर थांबेल.

मात्र कुणी 'ही जुनी आहे, शंभर वर्षांपूर्वीची' असं हळू आवाजात सांगू लागला तर तिथून निघा. बहुतेक वेळा ते खोटं असतं. खरं असेल तर आणखी वाईट, कारण १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने अशा मूर्तीची नोंदणी लागते.

आणि नटराज घेण्याआधी कलादालनात तिरुवेंकाडूचा वृषवाहन शिव बघाच. १०११ सालचं ब्राँझ. शिव नंदीवर हात टेकून उभा आहे, पण नंदीच आता नाही. तरी हात कशावर तरी टेकलेला आहे हे पटतं. केसांचा सापांनी बांधलेला जटाभार मागून फिरून बघा. सासरेबुवा तिथून हलणार नाहीत. त्याच दालनात सरफोजींचा हात जोडून उभा असलेला संगमरवरी पुतळाही आहे, फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराने घडवलेला.

रेवा_तिरुचीकर

मुलासाठी: राजवाड्याच्या आवारात देवमाशाचा अख्खा सांगाडा मांडून ठेवलाय. राजवाड्यात देवमासा का, हे विचारू नका, पण मुलं तिथेच रमतात.

कुंभकोणमचा दिवस असा करा: सकाळी लवकर दारासुरम्, मग तिरुभुवनम् किंवा स्वामिमलै (दोन्ही नको, दमाल), जेवण, आणि अंगात त्राण असेल तर दुपारनंतर गंगैकोंडचोळपुरम्. ते कुंभकोणमपासून साधारण ३५ किमी. राजराजाच्या मुलाने, राजेंद्राने बांधलेलं. गाव असं काही उरलं नाही, एवढं प्रचंड देऊळ आणि आजूबाजूला शेतं. मला तंजावरपेक्षा ते जास्त आवडतं, पण हे तंजावरकरांसमोर बोलत नाही.

सासूबाईंचे गुडघे बघता एकच गाळायचं झालं तर गंगैकोंड गाळा, दारासुरम् नको. दारासुरम् लहान आहे, फार चालावं लागत नाही, आणि दगडावरचं कोरीवकाम डोळ्यांच्या उंचीवर आहे. रथाची चाकं, घोडे, वीतभर उंचीच्या नर्तकी. ही तिन्ही देवळं जागतिक वारसा यादीत एकत्र आहेत. तंजावर १९८७ ला गेलं, बाकी दोन २००४ मध्ये जोडली.

आणि हो, जानेवारीच्या मध्यावर म्हणताय म्हणजे पोंगल! दुसऱ्या दिवशी माट्टु पोंगल असतो, गुरांचा सण. त्या दिवशी मोठ्या देवळातल्या अखंड दगडाच्या नंदीला भाज्या आणि फळांनी मढवतात. वांगी, भोपळे, गाजरं, काकड्या, माळाच माळा. गर्दी प्रचंड असते. पण मुलीला खांद्यावर घेऊन दाखवा. मात्र पोंगलच्या दिवसांत बरीच दुकानं आणि कार्यशाळा बंद असतात, तेव्हा खरेदी आधी किंवा नंतर.

भटका_जीव

सासूबाईंसाठी अजून एक. पुन्नैनल्लूर मारिअम्मन, गावापासून पाच-सहा किमी. मूळ देवी वारुळाच्या मातीची आहे, म्हणून तिला पाण्याचा अभिषेक करत नाहीत. हे देवस्थान आजही भोसले घराण्याच्या आनुवंशिक विश्वस्तपणाखाली आहे.

आमसूल

कुंभकोणमच्या बाजारात भांड्यांच्या दुकानात 'ईय चोंबु' मागा. कथलाचा गडू, रसमसाठी. त्यात रसमला जी चव येते ती स्टीलमध्ये येत नाही, यावर मी भांडायला तयार आहे. दोन पथ्यं. एक, ओळखीच्या, जुन्या दुकानातूनच घ्या आणि शुद्ध कथील आहे हे बिलावर लिहून घ्या, शिशाची भेसळ असेल तर ते पोटात जातं. दोन, रिकामा गडू गॅसवर ठेवायचा नाही. कथील २३२ अंशाला वितळतं. आधी पाणी, मग आच. आमच्या शेजारणीने फोनवर बोलता बोलता अख्खा गडू शेगडीवर सांडवला होता.

कैरीचं_पन्हं

सासूबाईंना वाचून दाखवलं. चित्र राहू दे, मला तो गडू हवा म्हणतात. पण आमच्याकडे इंडक्शन आहे. चालेल का?

आमसूल

नाही चालणार. कथील इंडक्शनवर तापत नाही. रसम स्टीलच्या भांड्यात उकळा, फोडणी द्या आणि गरम गरम त्या गडूत ओतून झाकून ठेवा. पुष्कळ लोक तसंच करतात. गडू लहान घ्या, चार माणसांचा. मोठा हातात जड होतो आणि कथील मऊ असल्याने सामानात चेपतो. विमानाने येणार आहात तर आत कपडे कोंबून भरा.